बाळू पालवणकर

क्रिकेटचा खेळ इंग्रजांबरोबर आपल्या देशात आला. आरंभी तो त्यांच्या लष्करी छावण्यांत व जिमखान्यांत खेळला जाई. पुढे मुंबईच्या पारशी मंडळींनी तो उचलला. १८४८ मध्ये त्यांनी आपला पहिला क्रिकेट क्लब स्थापन केला आणि १८८६ मध्ये त्यांचा एक संघ इंग्लंडातही खेळून आला. पारशांचे पाहून हिंदू व मुसलमान तरुणही या खेळाकडे वळले. मात्र त्या काळी बहुतेक लोकांच्या दृष्टीने क्रिकेट ही फुरसतीची करमणूक होती. ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही, त्यांनीच बॅट हाती धरावी, असा समज होता.

इंग्लंडात मात्र खेळावर पोट भरणारे लोक होते. तेथील काही खेळाडू तर उन्हाळ्यात क्रिकेट व हिवाळ्यात फुटबॉल असे दोन्ही खेळ वेतन घेऊन खेळत आणि वर्षभराचा चरितार्थ चालवीत. आपल्याकडे तशी सोय नव्हती. खेळाच्या मैदानावर ज्याला पगार मिळे, तो खेळाडू नसून मैदान झाडणारा नोकर असे. अशाच एका नोकराने पुढे हिंदुस्थानातील सर्वांत मोठा गोलंदाज म्हणून कीर्ती मिळविली. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूचे घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. गावाच्या नावावरून त्यांचे आडनाव पालवणकर पडले. बाळूचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्याचे वडील लष्करात नोकरीस होते. नोकरीनिमित्त ते पुण्यास आले आणि तेथेच बाळूचे बालपण गेले. शिवराम, विठ्ठल व गणपत हे त्याचे धाकटे भाऊ. हे कुटुंब चर्मकार समाजाचे होते. त्या वेळी या समाजाला अस्पृश्य मानीत. अस्पृश्यांनी सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, देवळात जाऊ नये, इतरांच्या भांड्याला हात लावू नये, असे निर्बंध त्यांच्यावर लादलेले होते. माणसाने माणसाचा स्पर्श टाळावा, यासारखी दुसरी लाजिरवाणी गोष्ट नाही; पण तेव्हा ती धर्माच्या नावाखाली राजरोस चालत असे.

पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्रिकेट चाले. ते टाकून देत ती जुनी बॅट, झिजलेला चेंडू या मुलांना मिळे. त्यावरच बाळू व शिवराम यांनी खेळाचा श्रीगणेशा केला. शिकविणारा कोणी नव्हता. पाहावे आणि तसे करून बघावे, हीच त्यांची शाळा होती.

घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे बाळूला लहान वयातच नोकरी पत्करावी लागली. पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर त्याला काम मिळाले. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ ओढावा आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकावेत, असे ते काम होते. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या पूना क्लबच्या मैदानावर गेला. तेथे पगार वाढला. पण काम तेच राहिले. जाळ्या बांधणे, खेळपट्टी तयार करणे, रेषा आखणे ही सारी कामे तो करी.

या कामाचा त्याला एक मोठा लाभ झाला. ज्या मातीवर चेंडू पडायचा, ती माती बाळू रोज हातांनी चाचपीत असे. ओल किती आहे, कोठे भेग पडली आहे, दव सुकल्यावर खेळपट्टी कशी वागते, हे त्याला नेमके कळू लागले. कोणत्याही पुस्तकात न मिळणारे हे ज्ञान त्याने रूळ ओढता ओढता मिळविले.

क्लबमधील काही इंग्रजांनी त्याला जाळीत गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. बाळू डाव्या हाताने संथ गतीची फिरकी टाकी. त्याची धाव अगदी थोडी, हात सहज फिरे आणि चेंडू हवा तेथेच पडे. एकाच लकबीने हात फिरवून तो कधी चेंडू वळवी, तर कधी सरळ ठेवी. कधी उंच देऊन फलंदाजाला पुढे ओढी, तर कधी किंचित वेग वाढवून चकवी. चेंडू कसा येणार याचा अंदाज भल्याभल्या फलंदाजांना लागत नसे.

या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक नामांकित इंग्रज फलंदाज होता. तो इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येई व बाळूला चेंडू टाकावयास लावी. बाळूने आपल्याला बाद केले की दर वेळेस तो त्याला आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. महिना तीन-चार रुपये पगाराच्या त्या काळात आठ आणे म्हणजे काही थोडी रक्कम नव्हती. बक्षिसाची गोष्ट खरी असो वा नसो, शेकडो तास एका उत्तम फलंदाजाला चेंडू टाकून बाळूची गोलंदाजी सहाणेवर चंदन घासावे तशी घासली गेली, एवढे निश्चित. ग्रेगची फलंदाजीही त्याने सुधारली. मात्र पूना क्लबात बाळूच्या हाती बॅट कधीच आली नाही. नोकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो टोलवावा, अशी तेथील रीत होती.

त्या सुमारास पुण्यातील हिंदू तरुणांनीही आपला क्रिकेट संघ उभारला होता. युरोपियन संघाला आव्हान द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. पण तेवढा दमदार गोलंदाज त्यांच्याकडे नव्हता. पूना क्लबात एक तरुण नोकर साहेबांची दाणादाण उडवितो, ही वार्ता त्यांच्या कानी गेली. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मोठा वाद झाला. अस्पृश्य मानलेल्या मुलाबरोबर खेळायचे, त्याने हाताळलेला चेंडू झेलायचा, ही कल्पनाच काही सनातनी मंडळींना सहन होईना. काही समंजस सभासद मात्र बाळूच्या बाजूने उभे राहिले. अखेर खेळातील गुणाने जातीच्या अहंकारावर मात केली आणि बाळूला संघात प्रवेश मिळाला.

पण ही मात अर्धीच होती. मैदानावर बाळू इतर दहा जणांसारखे एक खेळाडू होते. त्यांनी टाकलेला चेंडू सारे जण झेलीत, त्यांनी गडी बाद केला की सारे आनंदाने ओरडत. चहाची वेळ झाली की सगळे बदले. इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना तो मंडपाबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून मिळे. त्यांना तोंड धुवायचे असले, तर त्यांच्याच समाजातला नोकर बाहेर कोपऱ्यात उभा राहून हातावर पाणी घाली. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. मैदानापासून मंडप चार पावलांवर होता. पण ती चार पावले टाकण्याची मुभा त्यांना नव्हती.

कोणत्याही स्वाभिमानी माणसाला हे झोंबल्यावाचून राहणार नाही. बाळूंनाही ते झोंबले असलेच पाहिजे. तरी त्यांनी मैदान सोडले नाही. संघ आपल्याला मंडपाबाहेर ठेवतो म्हणून त्यांनी एकही चेंडू हलगर्जीपणाने टाकला नाही. पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियन संघाला हरविले, त्यात मुख्य पराक्रम बाळूंचा होता. आसपासच्या गावांतील जिमखान्यांवरही या संघाने विजय मिळविले.

साताऱ्याचा सामना विशेष गाजला. तेथील जिमखाना युरोपियनांचा होता. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती दगडासारखी टणक करून ठेवली होती. चेंडू वळणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. परंतु ज्याने आयुष्यातील कोवळी वर्षे रूळ ओढण्यात घालविली, त्याला खेळपट्टीचे डावपेच काय शिकवायचे! वळण मिळत नाही असे दिसताच बाळूंनी चेंडूची उंची, टप्पा व वेग यांत फरक करण्यावर भर दिला. त्यांनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला.

या विजयानंतर पुण्यात संघाचे मोठे स्वागत झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंना जाहीरपणे गौरविले आणि संघातील इतरांना खडसावून विचारले की, ज्याच्या बरोबरीने आपण खेळतो, त्याच्या बरोबरीने खाण्यापिण्यास हरकत ती कोणती? या प्रश्नाला उत्तर नव्हते. लोकमान्य टिळकांनीही बाळूंच्या खेळाची प्रशंसा केली. हळूहळू संघातील भेदाभेदाची धार बोथट होऊ लागली.

१८९६ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. अनेक कुटुंबांची वाताहत झाली. पालवणकर कुटुंब मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने बाळूंना आपल्या संघात घेतले. तेथेही प्रथम काही सभासदांनी नाके मुरडली; पण बाळूंच्या बळींची संख्या वाढत गेली तशी ती कुजबुज कमी झाली. चरितार्थासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली व रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. मैदान झाडण्याची नोकरी आता कायमची मागे पडली होती. रोजची कचेरी सांभाळून ते सरावाला वेळ काढीत.

मुंबईत त्या वेळी क्रिकेटचे संघ धर्मावार असत. युरोपियन व पारशी यांचे सामने १८९२ पासून दरवर्षी होत. हिंदूंना त्यात स्थान नव्हते. फेब्रुवारी १९०६ मध्ये प्रथमच युरोपियन व हिंदू यांचा सामना ठरला. तो बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. हजारो लोक तो पाहण्यास लोटले होते. ज्या जिमखान्याच्या इमारतीत एतद्देशीयांना सभासद म्हणून पाऊल ठेवता येत नव्हते, त्याच्याच समोरील हिरवळीवर राज्यकर्ते व प्रजा बरोबरीच्या नात्याने उभे ठाकले होते. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंच्या अचूक गोलंदाजीचा या यशात फार मोठा वाटा होता. बंधू शिवरामही या संघात होते.

हा विजय निव्वळ एका सामन्याचा नव्हता. बंगालच्या फाळणीमुळे देशात असंतोष धुमसत होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती. इंग्रजांना त्यांच्याच खेळात हरविता येते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आणि ते घडविणाऱ्यांत समाजाने दूर लोटलेला एक पुरुष अग्रभागी होता. जो हात शिवू नये असे म्हणत, त्याच हाताने सर्वांची लाज राखली. त्या वेळच्या सुधारकांनी ही गोष्ट आपल्या बांधवांच्या नजरेस मुद्दाम आणून दिली.

१९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला एकत्रित संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात हिंदू, मुसलमान व पारशी खेळाडू होते आणि पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे कर्णधार होते. बाळू व शिवराम हे दोघेही या संघात निवडले गेले. आगबोटीचा लांबचा प्रवास, परकी हवा, ओली मैदाने आणि सरावलेले प्रतिस्पर्धी यांमुळे संघाची प्रथम फार दैना झाली. एकामागून एक पराभव पदरी पडले. एकंदर २३ सामन्यांपैकी संघाला सहाच जिंकता आले व १५ त्याने गमावले.

अशा या पडत्या संघात बाळू एखाद्या खांबासारखे उभे राहिले. त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते, खांदा दुखत होता. पण संघाला त्यांच्यावाचून दुसरा आधार नव्हता. सामन्यामागून सामना, दिवसामागून दिवस ते चेंडू टाकीत राहिले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावा देऊन आठ गडी बाद केले. साऱ्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले आणि दर बळीसाठी सरासरी १९ पेक्षाही कमी धावा दिल्या. टाँटन येथे सॉमरसेट परगण्याच्या संघावर हिंदुस्थानी संघाने अवघा एक गडी राखून विजय मिळविला. तेथे बाळूंच्या गोलंदाजीला शिवरामांच्या नाबाद शतकाची जोड लाभली. दोन भावांनी मिळून सामना जिंकला, असे म्हटले तरी चालेल. इंग्लंडात त्या वेळी विल्फ्रेड ऱ्होड्स हा डावखुरा फिरकी गोलंदाज प्रसिद्ध होता. जाणकार बाळूंची तुलना त्याच्याशी करू लागले.

या इंग्लंडातही एक भेद होता. हौशी खेळाडू व पगारी खेळाडू एकाच संघातून खेळत. पण त्यांची कपडे बदलण्याची दालने निराळी आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही पुष्कळदा निराळे असत. हौशी खेळाडूला सभ्य गृहस्थ म्हणत आणि पगारी खेळाडूला नुसता खेळाडू. हा भेद तेथे १९६२ पर्यंत टिकला. माणसामाणसांत भिंत उभी करण्याचा दोष एकाच देशाचा नव्हे, हे यावरून दिसते. मात्र आपल्याकडची भिंत जन्माची होती; ती पैशाने, विद्येने किंवा कर्तृत्वानेही ओलांडता येत नसे. म्हणून ती अधिक क्रूर होती.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने आपल्या या सुपुत्राचा सत्कार केला. त्या सत्कारात भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याचाही सहभाग होता. बाळूंची कीर्ती ही त्या काळच्या दलित तरुणांना अभिमानाची व धीराची गोष्ट वाटे. आपल्यातला एक माणूस साऱ्या देशाच्या तोंडी आहे, ही जाणीवच त्यांना बळ देई.

एवढी कीर्ती मिळूनही एक मान बाळूंना मिळाला नाही. तो म्हणजे हिंदू संघाचे कर्णधारपद. १९०७ पासून मुंबईचे सामने तिरंगी झाले होते आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. हे सामने म्हणजे मुंबईचा मोठा उत्सवच असे. अनुभव, कर्तबगारी व खेळाची समज या सर्व दृष्टींनी कर्णधारपदावर बाळूंचा हक्क होता. त्यांचे चाहते दरवर्षी ही मागणी करीत. पण कर्णधार म्हणजे संघाचा पुढारी. त्याच्या आज्ञेत उच्चवर्णीयांनी राहावे, हे जिमखान्याच्या चालकांना पचनी पडत नव्हते. १९१३ मध्ये एम. डी. पै यांना कर्णधार नेमण्यात आले. पै स्वतः उच्चवर्णीय होते. पण ते उमद्या मनाचे होते. आपल्या सत्कारसमारंभातच त्यांनी बोलून दाखविले की, हा मान खरोखर आपल्या मित्राला, बाळूला मिळावयास हवा होता. दुसऱ्याचा हक्क आपल्या पदरात पडला असता तो मोकळ्या मनाने कबूल करणे, ही गोष्ट सोपी नाही.

१९२० च्या डिसेंबर महिन्यात हा प्रश्न हातघाईवर आला. पै आजारी पडले. बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले होते. विठ्ठल व शिवराम हे अनुभवी खेळाडू संघात असताना कर्णधारपद दिनकर बळवंत देवधर यांना देण्यात आले. देवधर हे पुण्याचे गुणी फलंदाज होते. पण वयाने व अनुभवाने ते लहान होते. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि जाहीर पत्रक काढून आपली बाजू लोकांपुढे मांडली. आपल्या जातीमुळे आपल्याला डावलले जात आहे, असे त्यांनी निर्भयपणे सांगितले. त्यांच्या पत्रकात आदळआपट नव्हती. न्यायाची मागणी होती. वर्षानुवर्षे बाळूंनी निमूटपणे चेंडू टाकून जे सिद्ध केले होते, ते आता धाकट्या भावांनी शब्दांत मांडले.

लोकमताने त्यांना पाठिंबा दिला. महात्मा गांधींनी अस्पृश्यतेविरुद्ध उठविलेला आवाज त्याच काळात देशभर घुमू लागला होता. जिमखान्याच्या चालकांना माघार घ्यावी लागली. पुढच्या सामन्यास पै हजर झाले, पालवणकर बंधू परत आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले व त्या वेळी संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पंचेचाळिशीकडे झुकलेला तो गोलंदाज क्षेत्ररक्षकांना जागा दाखवू लागला आणि उच्चवर्णीय खेळाडू त्याच्या इशाऱ्यावर हलू लागले. वेळ थोडाच होता. पण तो मिळविण्यास बाळूंना जवळजवळ पाव शतक खपावे लागले होते.

त्यानंतर बाळूंनी मोठ्या सामन्यांतून निवृत्ती घेतली. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले आणि दर बळीमागे सरासरी १५ धावा दिल्या. यांतील पहिला सामना ते खेळले, तेव्हा ते तिशीला टेकले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल अधिकच वाटते. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर झाला. तेव्हा बाळूंचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

जो मान थोरल्या भावाला नाकारला गेला, तो धाकट्याला मिळाला. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले, तेव्हा आनंदाने बेभान झालेल्या प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून नेले. त्या खांद्यांची जात त्या दिवशी कोणी विचारली नाही. पुढे १९२५ व १९२६ मध्येही विठ्ठलांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला. विठ्ठलांनी आपल्या आयुष्याची हकीकत ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. थोरल्या भावाच्या आयुष्यातील अनेक गोष्टी त्यामुळेच पुढच्या पिढ्यांना कळल्या.

खेळ सोडल्यावर बाळूंनी समाजकार्यात लक्ष घातले. तोपर्यंत डॉ. आंबेडकर हे दलित समाजाचे थोर नेते झाले होते. दलितांच्या उन्नतीचा मार्ग कोणता, याविषयी या दोघांत पुढे मतभेद झाले. बाळूंचा ओढा गांधीजींच्या मार्गाकडे होता. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींच्या येरवड्यातील उपोषणानंतर जो पुणे करार झाला, त्यावर डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. तीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळूंचा पराभव झाला. ज्या विद्यार्थ्याने एके काळी त्यांच्या सत्कारात भाग घेतला होता, त्याच्याकडूनच त्यांना ही हार पत्करावी लागली. दोघांचे मार्ग भिन्न होते. परंतु दोघांनाही गाठायचे होते ते ठिकाण एकच होते.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. पुढे त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला व तो १ जून १९५५ पासून लागू झाला. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून कोणाला मज्जाव करणे, तेथील भांडी वापरू न देणे, हे या कायद्याने शिक्षेस पात्र ठरले. साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या मैदानावर मातीच्या भांड्यातून चहा पिणारे बाळू त्या वेळी हयात होते. त्यानंतर सुमारे महिन्याने, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

बाळूंनी मोठी भाषणे केली नाहीत की ग्रंथ लिहिले नाहीत. समाजाने त्यांच्या हाती झाडू व रूळ दिला. त्यातूनच त्यांनी खेळपट्टीची विद्या घेतली. अपमान झाला म्हणून त्यांनी आपली कला उणी होऊ दिली नाही आणि मान मिळाला म्हणून ती सैल पडू दिली नाही. कायद्याने पुढे जे सांगितले, ते त्यांच्या चेंडूने कितीतरी आधी लोकांना पटविले होते.

आज कोकणातल्या पालवणपासून मराठवाड्यातल्या घनसावंगीपर्यंत गावोगावी शाळेच्या पटांगणांत मुले क्रिकेट खेळतात. चेंडू कोणी टाकला आणि झेल कोणी घेतला, एवढेच तेथे पाहिले जाते. खेळ संपल्यावर सारी मुले एकाच नळावर पाणी पितात आणि त्यात काही विशेष आहे, असे त्यांना वाटतही नाही. मैदानापासून मंडपापर्यंतची जी चार पावले बाळूंना अडविली होती, ती या मुलांना मोकळी आहेत. ती तशीच मोकळी ठेवणे, हेच त्या थोर गोलंदाजाचे खरे स्मरण होय.